बावधनच्या दोन निलगिऱ्या: टेरेटिकॉर्निस की कॅमाल्डुलेन्सिस?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. झाडांतल्या जाणकारांना विचारायचं आहे, म्हणून हा धागा.

आमची सोसायटी बावधनला, राम नदीला लागून. बांधकाम होण्याआधी इथे कुणाचं तरी फार्महाउस होतं. त्या काळातली दोन निलगिरीची झाडं अजून उभी आहेत. एक गेटपाशी, दुसरं मागे नदीच्या अंगाला. दोन्ही चौथ्या मजल्याच्या वर गेलेली. यंदा दोन्हींना एकदम कळ्या आल्या. वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या उचलून मी कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या, तर कळ्या वेगवेगळ्या निघाल्या.

गेटवालीच्या कळीवरची टोपी लांब आणि टोकदार, सरळ शंकू. नदीवालीची टोपी आखूड, जवळजवळ गोल, आणि वर मधोमध एक बारीक चोच. खोडंही सारखी नाहीत. गेटवालीचं बुंध्यापासून गुळगुळीत, पांढरट-राखाडी चट्ट्यांचं. नदीवालीचं कमरेपर्यंत खरबरीत काळसर, त्यावर मग गुळगुळीत, आणि साल लांब पट्ट्यांनी लोंबते. पानं मात्र मला दोन्हींची एकच वाटतात.

माळीबुवांचं म्हणणं, एक नर आणि एक मादी.

विचारतोय अशासाठी की येत्या सभेत या झाडांचा विषय आहे. बोअरचं पाणी खाली गेलं म्हणून एका गटाला दोन्ही तोडायची आहेत. दुसरा गट आडवा पडलाय. त्यात एकांनी पिल्लू सोडलं की 'निलगिरीच्या काही जाती पाणी कमी पितात, आधी जात कोणती ते शोधा'. ते शोधायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

सदाशिवपेठी

दोन्ही निलगिरी. विषय संपला.

नर-मादी असतील तर लग्न लावून टाका. बेडकांचं लावतात तेव्हा पाऊस पडतो म्हणे, बोअरही भरेल.

रानवाटा

सदाशिवपेठी, आलात का इथेही :)

ओढ्याकाठी, आधी एक सोपी चाचणी. दोन्हींची पानं चुरगाळून वास घ्या. लिंबाचा येतो का?

ओढ्याकाठी

नाही. दोन्हींना नेहमीचा औषधी वास. गेटवालीचा जरा जास्त उग्र.

रानवाटा

मग एक नाव बाद झालं. पुण्यात बंगल्यांच्या आवारात जी उंच, सडसडीत, पांढऱ्या-गुलाबी खोडाची, पावडर लावल्यागत दिसणारी निलगिरी असते, ती बहुतेक वेळा सिट्रिओडोरा. तिच्या पानांत सिट्रोनेलाल भरपूर, म्हणून लिंबाचा वास. डास पळवायच्या हर्बल मलमांत जे 'लेमन युकॅलिप्टस' असतं ते हिच्याच तेलापासून. शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हिला युकॅलिप्टस वंशातून बाहेर काढून कोरिम्बिया नावाच्या वेगळ्या वंशात टाकलं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती आता या दोघींची सख्खी नाही, चुलत घरातली.

आणखी एक. सर्दी झाली की वाफाऱ्याच्या पाण्यात आपण ज्या बाटलीतले थेंब टाकतो, ते तेल मुख्यतः ग्लोब्युलसचं असतं. ती उटीची. १८४३ पासून निलगिरी पर्वतात लावली गेली आणि मराठीत सगळ्या खानदानाला त्या डोंगराचं नाव चिकटलं. तिला थंड हवा लागते, पुण्याच्या उन्हाळ्यात ती तग धरत नाही. तेव्हा तुमच्या दोघींपैकी ग्लोब्युलस एकही नाही.

सोनचाफा

वाचतेय. माझे वडील वनखात्यात होते, त्यांच्या जुन्या वहीत 'रोस्ट्राटा' असं लिहिलेलं आठवतंय. ही कोणती?

बीजकोश

सोनचाफाताई, बरं झालं विचारलंत. रोस्ट्राटा म्हणजेच आजची कॅमाल्डुलेन्सिस. जुन्या वनखात्याच्या कागदांत तेच नाव सापडतं.

आता मूळ प्रश्न. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा नर-मादी निकालात काढू. निलगिरीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. नर झाड आणि मादी झाड अशी वाटणी पपईत असते, ताडात असते, इथे नाही. फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्याच नाहीत. त्या जुळून टोपी झालेली असते. कळी उमलते म्हणजे ती टोपी गळून पडते आणि आत दुमडलेले पांढरे केसर बाहेर येतात. तुमच्या कट्ट्यावर गळालेल्या टोप्यांचा खच असेल, बघा.

ओढ्याकाठी यांनी जे वर्णन केलंय ते पाठ्यपुस्तकातल्या दोन चित्रांसारखं आहे. लांब शंकूची टोपी म्हणजे टेरेटिकॉर्निस, आखूड गोल टोपीवर चोच म्हणजे कॅमाल्डुलेन्सिस. दोघीही 'रेड गम' घराण्यातल्या, लाकूड आतून लाल. फळंही दोघींची सारख्या घडणीची: लहान अर्धगोल बोंड, वरची कडा फुगलेली, आणि पिकल्यावर त्यातून बाहेर डोकावणारे तीन-चार दात. म्हणून फळावरून सांगता येत नाही. खोडावरून तर नकोच. बुंध्याशी साल किती टिकते हे झाडाचं वय, जागा आणि वंशावळ यावर फार बदलतं.

मूळ घर बघा म्हणजे फरक नीट कळेल. टेरेटिकॉर्निस ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याच्या पट्ट्यातली, खाली व्हिक्टोरियापासून वर क्वीन्सलँडपर्यंत, आणि तिथून समुद्र ओलांडून न्यू गिनीतही. पाऊसमान बरं असलेल्या जंगलांतलं झाड. कॅमाल्डुलेन्सिस जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियाभर, पण नदी, ओढा, कोरडं पात्र यांना धरून. आतल्या वाळवंटी भागात दुरून हिरवी रेघ दिसली की तिथे नदीचं पात्र आहे असं समजतात, ती रेघ हिचीच. पुरात बुंधा बुडाला तरी तिचं बिघडत नाही, खारवट जमीनही चालवून घेते. टेरेटिकॉर्निस त्या बाबतीत तितकी सोशिक नाही.

गंमत म्हणजे अख्ख्या खंडभर पसरलेल्या या झाडाचं शास्त्रीय वर्णन झालं ते इटलीत. नेपल्सजवळ कामाल्दोलीच्या काउंटच्या बागेत वाढलेल्या झाडावरून डेनहार्ट नावाच्या बागतज्ज्ञाने १८३२ मध्ये नाव दिलं. टेरेटिकॉर्निसचं नाव त्याआधीचं, १७९५ मधलं, स्मिथने दिलेलं.

इथवर वाचून 'मिळालं उत्तर' म्हणून सभेत जाऊ नका. टोपी फसवते. कॅमाल्डुलेन्सिस एकजिनसी नाही. २००९ मध्ये तिच्या सात उपजाती मांडल्या गेल्या. त्यातली एक, सिम्युलाटा, उत्तर क्वीन्सलँडची. हिची टोपी लांब, शिंगासारखी, हुबेहूब टेरेटिकॉर्निसची. आणि नेमकं त्याच भागातलं, पेटफर्ड गावाच्या परिसरातलं बी उष्ण देशांत लागवडीसाठी वाटलं गेलं, कारण त्याची झाडं भराभर वाढतात आणि दुष्काळ सोसतात. भारतातही आलं. त्यामुळे आपल्याकडे लांब टोपी दिसली म्हणून डोळे मिटून टेरेटिकॉर्निस म्हणता येत नाही.

मग करायचं काय? बी बघायचं.

न उकललेली पण पक्व बोंडं घ्या. हिरवी कोवळी नकोत. कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा, दात आपोआप उघडतील आणि आतला माल पाकिटात पडेल. बहुतेक सगळा चहाच्या भुकटीसारखा भुसा असेल. तो वांझ बीजांडांचा, त्याकडे बघू नका. त्यातले थोडे दाणे मोठे, भरीव असतील, मिलिमीटरच्या आसपास. ते दहापट भिंगाखाली धरा. पिवळे किंवा पिवळसर तपकिरी, गुळगुळीत, ठोकळ्यासारखे चौकोनी, दुहेरी टरफलाचे असतील तर कॅमाल्डुलेन्सिस. काळपट तपकिरी, लांबट, कडेला दातेरी, एकेरी टरफलाचे असतील तर टेरेटिकॉर्निस. सिम्युलाटाची टोपी नक्कल करते, बी करत नाही.

रानवाटा

बीजकोश, दंडवत. वाचनखूण साठवली.

सदाशिवपेठी

म्हणजे तोंडावरून नाही, पोटात शिरल्यावर कळतं. पुणेकरांबद्दल लिहिलंय का?

भिंग बुधवारात प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल. दुपारी एक ते चार जाऊ नका.

घोडनदीकर

शिरूर तालुक्यातला शेतकरी. बांधावर आणि पडीक तुकड्यात निलगिरी लावलेली आहे, म्हणून लिहितो.

आम्हाला जात कुणी विचारत नाही, नंबर विचारतात. रोपवाटिकेत गेलं की क्लोन (एकाच निवडक झाडापासून कलमाने वाढवलेली हुबेहूब रोपं) अमुक, क्लोन तमुक. तेलंगणात भद्राचलमला निवडून काढलेले क्लोन सगळ्यात जास्त चालतात. त्यात काही टेरेटिकॉर्निसचे, काही कॅमाल्डुलेन्सिसचे, काही दोघींच्या संकराचे. पूर्वी 'म्हैसूर हायब्रिड' म्हणून बियांची रोपं मिळायची. एका ओळीत एक झाड मांडीएवढं आणि शेजारचं मनगटाएवढं. क्लोन आले आणि ओळ एकसारखी झाली. माल जातो कागद कारखान्याला नाहीतर सेंटरिंगच्या बल्ल्यांना. तोडलं की बुडख्यातून फुटवा येतो, तो राखला की पुढचं पीक बिनलागवडीचं.

चोपण तुकड्यात, जिथे उसाचं पाणी साचून जमीन बिघडली, तिथे कॅमाल्डुलेन्सिसवाला क्लोन टिकला. दुसरा पिवळा पडून बसला. बीजकोश म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

एक मात्र खरं, बांधालगतच्या ज्वारीच्या ओळी खुरटतात. ते कुणी नाकारू नये.

बीजकोश

घोडनदीकर, उत्तम माहिती. 'म्हैसूर हायब्रिड' म्हणजे कुणी मुद्दाम केलेला संकर नव्हे. कर्नाटकात नंदी टेकडीवर टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, निलगिरीच्या बऱ्याच जाती लावल्या गेल्या असं सांगतात. एकमेकींच्या शेजारी वाढल्या, मधमाश्यांनी परागांची देवाणघेवाण केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच बी पुढे गेलं. मूळ धागा टेरेटिकॉर्निसचा, त्यात इतरांचे पदर. भारतभर जी 'टेरेटिकॉर्निस' म्हणून लावली गेली त्यातली बरीच ही.

तुमच्याकडे पानांवर गाठी आल्या होत्या का?

घोडनदीकर

आल्या तर. पानाच्या मधल्या शिरेवर आणि देठावर, शेंडे वाकडे झाले. रोपवाटिकावाल्यांची तर झोपच उडाली होती.

बीजकोश

तीच. लेप्टोसायबी नावाची गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी माशी, तीही ऑस्ट्रेलियाचीच. दक्षिण भारतात २००१ च्या आसपास शिरली. शास्त्रीय नाव मिळालं २००४ मध्ये, म्हणजे आधी नुकसान आणि मग बारसं. गंमत बघा, तिला सगळ्यात आवडतात त्या याच दोघी. लिंबाच्या वासाची सिट्रिओडोरा ती सहसा सोडून देते. आज शेतात जे क्लोन दिसतात त्यातले काही या माशीला दाद न देणारे म्हणून टिकलेले आहेत.

सोनचाफा

पाण्याचं कुणी बोलेना. ओढ्याकाठींच्या सभेत भांडण त्यावरच आहे ना? कर्नाटक सरकारने लागवडीवर बंदी घातली ती उगाच का?

ओढ्याकाठी

तेच म्हणणार होतो ताई. सभेत कुणी टोपीविषयी विचारणार नाही.

मुरूम

पाण्याच्या धंद्यातला आहे. भूजल सर्वेक्षण करतो, म्हणून पाण्यावर मी लिहितो.

कर्नाटकची बंदी २०१७ ची, आणि ती नव्या लागवडीवर, कोलारसारख्या कोरड्या पट्ट्यात शेकडो एकर निलगिरी उभी राहिल्यावर आलेली. तिथला अभ्यास प्रसिद्ध आहे. इयान काल्डर नावाच्या ब्रिटिश जलशास्त्रज्ञाने आणि भारतीय संस्थांनी मिळून कर्नाटकात मोजमापं घेतली. जिथे माती उथळ ते मध्यम खोलीची होती तिथे निलगिरीने वापरलेलं पाणी आणि शेजारच्या देशी पानगळीच्या जंगलाने वापरलेलं पाणी जवळपास सारखं, म्हणजे वर्षाच्या पावसाइतकं. पण नाचणीच्या शेताच्या ते साधारण दुप्पट. आणि होसकोटेला, जिथे माती खोल होती आणि आधी शेती व्हायची, तिथे झाडांनी पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरलं. मुळं दरवर्षी खाली जात राहिली आणि आजवर साठलेली ओल शोषत राहिली.

यातून दोन गोष्टी निघतात आणि लोक एकच उचलतात. एका बाजूचे म्हणतात 'जंगलाइतकंच पितं, बदनाम केलंय'. दुसऱ्या बाजूचे म्हणतात 'पावसापेक्षा जास्त पितं, राक्षस आहे'. दोन्ही वाक्यं त्याच अभ्यासातली आहेत. माती किती खोल आणि झाडाआधी तिथे काय होतं, यावर सगळं.

आता बावधन. खाली दख्खनचा काळा पाषाण. वर थोडी माती, मग मुरूम, मग कातळ. झाडाची मुळं माती आणि मुरमातली ओल घेतात, फटी मिळाल्या तर आणखी खाली घुसतात. तुमची बोअर बहुधा दोन-तीनशे फूट खोल, ती कातळातल्या भेगांमधलं पाणी घेते आणि ते पाणी कुठून कुठून येतं. परिसरात किती बोअर झाल्या? आजूबाजूच्या टेकड्यांवर, उतारांवर काँक्रीट किती झालं? दोन झाडांनी तीनशे फुटांवरची पातळी पाडली हे मला पटत नाही. तुमच्याकडे जुना आड असता, वीस-तीस फुटांचा, आणि झाड त्याच्या काठावर असतं, तर मी वेगळं बोललो असतो.

जातीचं विचाराल तर नदीकाठची कॅमाल्डुलेन्सिस स्वभावानेच खालचं पाणी शोधणारी. ऑस्ट्रेलियात नदी आटली की ती पात्राखालच्या पाण्यावर जगते. पण टेरेटिकॉर्निस काही उपाशी बसत नाही. पाण्यावरून या दोघींत निवड करावी इतका फरक तुमच्या दोन झाडांत मला दिसत नाही. शंभर एकर लागवड असती तर प्रश्न वेगळा.

सदाशिवपेठी

सभेत हे वाचून दाखवू नका. दुसऱ्या परिच्छेदाला निम्मे लोक उठतील.

कारकून२

कायद्याचं कुणी सांगितलं नाही म्हणून. महापालिका हद्दीत झाड तोडायचं तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परदेशी झाड, निरुपयोगी झाड असली सूट गृहीत धरू नका. छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात, त्याला आणखी कडक नियम. फार्महाउस किती जुनं ते शोधून ठेवा, वय विचारतील.

सभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. हे तिथे मोठ्याने वाचून दाखवा.

रानवाटा

+१. आणि छाटणी म्हणजे बोडकं करणं नव्हे हेही सांगा. शेंडा मारला की कापल्या जागेखालून झुबक्याने फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात, आणि काही वर्षांनी तेच आपल्या गाडीवर पडतात.

धोक्याचा विषय निघालाच आहे तर इथे जातीचा फरक कामाचा आहे. कॅमाल्डुलेन्सिस फांद्या टाकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. वारा नाही, पाऊस नाही, कडक उन्हाळ्याची शांत दुपार, आणि धडाम. ऑस्ट्रेलियात नदीकाठी मुक्कामाला जाणाऱ्यांना या झाडाखाली तंबू ठोकू नका असं बजावून सांगतात. टेरेटिकॉर्निसही फांदी सोडते, पण या बाबतीत दुसरीचं नाव मोठं. नदीवालीखाली काय आहे? पार्किंग?

ओढ्याकाठी

मुलांची घसरगुंडी :(

रानवाटा

मग जात कोणतीही निघो, घसरगुंडी आधी हलवा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मधुबन

मधपाळ आहे. झाडं तोडायच्या चर्चेत आमचीही बाजू ऐका. निलगिरी फुलली की माश्या दुसरीकडे बघत नाहीत. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही विचारा. छाटायचंच असेल तर फुलोरा ओसरल्यावर छाटा.

दोन जातींच्या मधात फरक मला जिभेला कळत नाही. दोन्ही अंबर रंगाचे. कळतो म्हणणारे भेटतात, मी वाद घालत नाही.

घोडनदीकर

लाकडाचंही सांगून टाकतो, कारण तोडणाऱ्या गटातलं कुणीतरी 'विकून पैसे येतील' म्हणणार. ऑस्ट्रेलियात जुन्या झाडाचं लाकूड घट्ट, जड, रेल्वेच्या स्लीपरला वापरायचे. टेरेटिकॉर्निसचं तर पाण्यात बुडेल इतकं जड. पण आपल्याकडच्या भराभर वाढलेल्या ओंडक्यात ताण असतो. कापला की फाटतो, फळी पीळ खाते. सुतार हात लावायला तयार नसतात. वखारवाला जळणाचा भाव देईल, त्यातून तोडणीची मजुरी, क्रेन आणि ट्रक वजा करा. उरलेच तर सभेत वडे खा.

ओढ्याकाठी

बी बघून झालं.

पडलेल्या डहाळ्यांवर पक्व बोंडं पुरेशी होती, झाडावर चढावं लागलं नाही. पाकिटांवर 'गेट' आणि 'नदी' लिहून ठेवलं. भुसाच भुसा, बीजकोश म्हणाले तसा. भरीव दाणे मिळाले तेवढे भिंगाखाली बघितले.

नदी: पिवळसर तपकिरी, चौकोनी, गुळगुळीत.

गेट: हेही पिवळसर तपकिरी. चौकोनी. काळा दातेरी एकही नाही.

पाकिटं बदलली असतील म्हणून गेटवालीची नवी बोंडं आणून पुन्हा बघितली. तेच.

सदाशिवपेठी

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो? 'दोन्ही निलगिरी. विषय संपला.' धाग्यावर माझ्या नावाची पाटी लावा.

बीजकोश

वा! हे मला जास्त आवडलं.

ओढ्याकाठी, दोन्ही कॅमाल्डुलेन्सिस धरायला हरकत नाही. गेटवाली लांब टोपीची, पिवळ्या बियांची, म्हणजे पेटफर्डकडच्या वंशातली असण्याची शक्यता मोठी. तिच्या पानांचा वास जास्त उग्र लागला असं तुम्ही लिहिलंत. पेटफर्डची झाडं सिनिओल (त्या औषधी वासाचं द्रव्य) जास्त देणारी म्हणून तेलासाठीही लावली जातात. फक्त वासावरून मी शिक्का मारणार नाही, पण जुळतंय खरं. नदीवाली चोचवाली, नेहमीची.

एक खोच सांगतो. बियाचं टरफल हे आईच्या ऊतींपासून बनतं. पराग शेजारच्या झाडाचा आला असला, अगदी टेरेटिकॉर्निसचा आला असला, तरी टरफल आईचंच राहणार. म्हणून टरफल आईची जात सांगतं, पोराची नाही. पोराची बघायची तर बी रुजवून बघावं लागतं. रोपाची पहिली पानं मोठ्या झाडाच्या लांब विळ्यासारख्या पानांपेक्षा वेगळी असतात. टेरेटिकॉर्निसची रुंद, अंडाकृती. कॅमाल्डुलेन्सिसची त्या मानाने अरुंद. एकाच ट्रेमध्ये दोन्ही तऱ्हा दिसल्या तर आसपास कुठेतरी तिसरी निलगिरी आहे असं समजा.

मुरूम

बीजकोश, आईच संकर असेल तर?

बीजकोश

मग टरफल मधलंच काहीतरी निघतं. तपकिरी, अर्धवट गुळगुळीत, धड चौकोनी नाही, धड लांबट नाही. म्हैसूरवाल्या झाडांत असले दाणे मिळतात आणि तिथे मी नुसतं 'रेड गम' लिहून मोकळा होतो. इथे मात्र दाणे स्वच्छ दिसतायत. ओढ्याकाठी, भिंगातून मोबाइलने फोटो काढता आला तर टाका.

सोनचाफा

म्हणजे टोपी वेगळी, खोड वेगळं, वास वेगळा आणि जात एकच. आणि घोडनदीकरांकडे ओळ दिसायला एकसारखी आणि जाती दोन. माळीबुवांना काय सांगणार?

ओढ्याकाठी

सांगितलं. म्हणाले, 'मग दोन्ही माद्याच म्हना की.'

सभाही झाली. पाण्याचा मुद्दा मुरूम यांच्या शेवटच्या परिच्छेदावर मिटला. म्हणजे मिटला असं नाही, एक काका अजून म्हणतायत की झाडं तोडून बघू, पाणी वाढलं तर वाढलं. कारकून२ यांचं वाक्य मी मोठ्याने वाचलं, तेव्हा ते बसले. घसरगुंडी गेटच्या बाजूला हलवायची असं ठरत होतं. मी म्हटलं गेटवालीही त्याच जातीची आहे. मग क्लबहाउसच्या मागे हलवली. नदीवालीच्या वाळक्या फांद्या काढण्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज जाणार आहे.

बी ट्रेमध्ये टाकलंय. वरून माती फार जाड नको ना?

बीजकोश

अजिबात नको. बारीक वाळू भुरभुरवा, दाणा जेमतेम झाकेल इतकीच. पाणी वरून ओतू नका, वाहून जाईल. ट्रेखाली ताटलीत पाणी ठेवा, ते वर चढेल. आणि 'गेट' आणि 'नदी' ट्रे वेगळे ठेवा.

मधुबन

अर्जात छाटणीचा महिना लिहिलाय का? फुलोरा संपल्यावरचा लिहा.

ओढ्याकाठी

महिना राहिला होता, आता घातला. मधुबन, टोप्या अजून गळतायत, माश्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय. एक पेटी आमच्या गच्चीवर ठेवता येईल का, हे पुढच्या सभेत विचारतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

सदाशिवपेठी

काढा. पहिला प्रतिसाद माझा: 'चावतात.'